डाळीचं पीठ, साधं पाणी आणि तीन महिने

रस्त्यावर टाकतात तोही मुरूम आणि गालावर येतो तोही मुरूम. आदिलाबादच्या आमच्या घरात यावरून पोरांची चेष्टा ठरलेली, "काय रे, रस्त्याचं काम कधी सुरू झालं?" शेजारच्या तेलुगू घरात त्याला मोटिमलु म्हणतात, बाजारातल्या दखनी हिंदीत मुंहासे. नावं तीन असली तरी घाई तिन्ही भाषांत सारखीच. आठवड्यात गेलं पाहिजे, कारण कुणाचं तरी लग्न आहे.

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सोळा-सतरा वर्षांची मुलं रोज समोर असतात. तास संपला की एखादी मुलगी वह्या आवरण्याचं निमित्त करून मागे थांबते आणि सगळे गेल्यावर विचारते, "मॅडम, हे कशानं जाईल?" एका वर्षी एका मुलीनं जूनपासून दिवाळीपर्यंत वर्गात तोंडाचा स्कार्फ सोडला नव्हता. डबासुद्धा ती भिंतीकडे तोंड करून खायची. तेव्हापासून या प्रश्नाला मी "वयाचं असतं, जाईल आपोआप" असं उत्तर देत नाही. वयाचं असतं हे खरं आहे, पण त्या वयात चार महिने म्हणजे फार मोठा काळ असतो.

आधी हे होतं कशानं ते थोडक्यात. वयात येताना अंगात अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलांच्या आणि मुलींच्याही. त्यामुळे त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी रोमछिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल साचतं, त्यात त्वचेवर नेहमीच राहणारे जिवाणू वाढतात, आणि शरीर त्यांच्याशी भांडायला लागलं की लाल, दुखरी पुळी येते. बूच उघडं राहिलं तर त्याचं टोक काळं पडतं. ते काळं म्हणजे मळ नव्हे. त्वचेतलं रंगद्रव्य आणि हवा लागून गडद झालेलं तेल आहे ते. त्यामुळे घासून ते निघत नाही, उलट आजूबाजूची कातडी सोलते. १२ ते २४ या वयात १०० पैकी सुमारे ८५ जणांना थोडेफार मुरूम येतातच, असं त्वचारोगाच्या पुस्तकांत सांगतात. तेव्हा कुणी "चेहरा नीट धूत नाहीस म्हणून होतं" असं म्हणालं तर ते मनावर घ्यायचं कारण नाही.

मग धुण्यानं काय होतं? वरचं जादा तेल, घाम आणि धूळ निघते. कातडी न दुखवता एवढं झालं तर सौम्य मुरूम शांत व्हायला मोकळी जागा मिळते. अमेरिकेत २००६ साली याची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. २७ तरुणांना सौम्य क्लेन्झर देऊन दिवसातून एकदा, दोनदा किंवा चारदा चेहरा धुवायला सांगितलं आणि सहा आठवडे पाहिलं. दोनदा धुणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचे काळ्या टोकाचे दाणे कमी झाले. एकदाच धुणाऱ्यांची लाली आणि पुळ्या वाढल्या. चारदा धुणाऱ्यांना जादा मेहनतीचा काही वेगळा फायदा दिसला नाही. चाचणी लहान होती, गटागटांतला फरकही ठाम म्हणण्याइतका नव्हता. तरी "दोनदा, आणि सौम्य" हा सल्ला आजही डॉक्टर देतात तो असाच.

सौम्य म्हणजे काय, हे मी मुलांना प्रॅक्टिकलच्या तासाला दाखवते. पीएच कागदाच्या पट्ट्या आणायच्या आणि घरून प्रत्येकानं तोंडाला लावायची एक वस्तू आणायची. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ४.५ ते ५.५. अंगाच्या साबणाच्या पाण्यात पट्टी बुडवली की ९ ते १० चा रंग येतो. खाण्याचा सोडा ८ च्या वर. लिंबाचा रस २, म्हणजे दुसऱ्या टोकाला. डाळीचं पीठ पाण्यात कालवलं तर ६ च्या आसपास, रिठ्याचं पाणी ५ च्या जवळ. एका मुलानं टूथपेस्ट आणली होती, कारण त्याचा मोठा भाऊ रात्री पुळीवर तीच लावून झोपायचा. लिंबाचं सांगितल्यावर दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. लिंबाचा रस चोळून उन्हात गेलं तर कातडी अक्षरशः भाजते, डाग महिनोनमहिने राहतात. आणि आमचं ऊन म्हणजे मे महिन्यात ४४-४५ अंशांचं.

साबणाची आणखी एक अडचण आमच्याकडे आहे. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. बादलीला पांढरा थर धरतो, साबण फेसाळत नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून चिकट साका तयार करतं आणि तो कातडीवरच राहतो. मग तोंड ओढल्यासारखं वाटतं, आणि लोक समजतात की चेहरा "स्वच्छ" झाला. डाळीच्या पिठाचा किंवा रिठ्याचा असा साका होत नाही. आपल्या आज्यांना कॅल्शियम माहीत नव्हतं, पण विहिरीच्या पाण्यात काय चालतं ते माहीत होतं. मराठी घरात उटणं, तेलुगू घरात सुन्निपिंडी. आमच्या शेजारच्या अक्का अजूनही मुगाचं पीठ हळद घालून डब्यात भरून ठेवतात, नातवंडांच्या अंघोळीला. मूग काय, हरभरा काय, काम एकच. पिठाचे बारीक कण तेल शोषून घेतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. रिठ्याला कुंकुडुकाय म्हणून आमच्या बाजारात चांगला भाव आहे, पण तो केसांसाठीच ठेवा. डोळ्यात गेला तर पाणी थांबत नाही.

आता पद्धत. हरभऱ्याची डाळ गिरणीवरून बारीक दळून आणा. विकतच्या बेसनात कधी वाटाण्याचं, कधी मक्याचं पीठ मिसळलेलं असतं. दळून आणलेलं पीठ पातळ सुती कापडातून गाळा. हे गाळणं महत्त्वाचं, कारण जाड कण म्हणजे वाळूच. आठवड्यापुरतं पीठ लहान कोरड्या डब्यात काढून ठेवा आणि ओला हात त्यात घालू नका. हळद घालायचीच असेल तर चिमूटभर, नाही घातली तरी काही बिघडत नाही. पहिल्यांदा लावण्याआधी कानामागे थोडं लावून एक दिवस थांबा. काहींना हरभऱ्याच्या पिठानंही खाज सुटते.

धुण्याआधी हात धुवा. चेहरा साध्या पाण्यानं ओला करा, थंडीत कोमट. एक लहान चमचा पीठ तळहातावर घेऊन पाण्यानं ताकासारखं पातळ करा. लगदा नको. बोटांच्या टोकांनी, जणू तान्ह्या बाळाचं तोंड पुसताय इतक्या हलक्या हातानं, अर्धा मिनिट फिरवा आणि लगेच धुऊन टाका. वाळू द्यायचं नाही. वाळून तडे गेलेला लेप फोटोत चांगला दिसतो, पण तो काढताना पुळ्या फुटतात. कपाळावरच्या केसांच्या कडेला आणि हनुवटीखाली पीठ राहतं, तिथं पुन्हा पाणी मारा. मऊ पंचानं टिपून घ्या, पुसू नका. पंचा स्वतःचा हवा, घरातला सगळ्यांचा नको. असं सकाळी एकदा आणि संध्याकाळी घरी आल्यावर एकदा. मधे घाम आला तर नुसतं पाणी.

धुतल्यावर कातडी ओढली जात असेल तर गुलाबपाण्यात ग्लिसरीनचे चार थेंब घालून लावा. डिसेंबर-जानेवारीत तर लागतंच. आदिलाबादची थंडी साऱ्या तेलंगणात नावाजलेली, पारा कधी कधी ५ अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा पीठ दिवसातून एकदाच वापरा, दुसऱ्या वेळी नुसतं कोमट पाणी. आमच्याकडे फुटलेल्या टाचांना मोहाच्या बियांचं तेल लावतात, गोंड घरांतून ते मिळतं आणि टाचांना फारच गुणकारी आहे. ते टाचांपुरतंच ठेवा. मुरमाच्या चेहऱ्याला ते नको, आणि खोबरेल तेलही नको.

एवढंच. मुली हे ऐकून निराश होतात. त्यांना काहीतरी ताकदीचं हवं असतं. या पिठात ताकद नाही हाच त्याचा गुण आहे. ते मुरूम मारत नाही, हार्मोनला हात लावत नाही. चेहऱ्याला रोज होणारी इजा मात्र थांबते. सौम्य मुरमाला तेवढं पुष्कळ होतं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, कारण आज वर दिसणाऱ्या पुळीचं बूच काही आठवड्यांपूर्वीच बसलेलं असतं. म्हणून मी मुलींना कॅलेंडरवर खूण करायला सांगते आणि आरशात रोज भिंग घेऊन पाहायला मनाई करते.

थोडं जुन्या ग्रंथांचं सांगते, कारण घरातले मोठे हमखास काढतात. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या तोंडावरच्या पुळ्यांना मुखदूषिका म्हटलंय आणि त्यांना शाल्मलीच्या काट्यांची उपमा दिलीय. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. उटनूर, कुंतलाच्या बाजूला जंगलात फाल्गुनाच्या सुमारास लालभडक फुलते ती. कोवळ्या सावरीच्या खोडाला शंकूच्या आकाराचे टोकदार काटे असतात, झाड मोठं झालं की खोडावरचे काटे झडत जातात. उपमा देणाऱ्यानं झाड नीट पाहिलं होतं म्हणायचं! पुढे वैद्यांनी हेच काटे दुधात उगाळून लावायला सांगितले, आणि लोध्र, धणे, वेखंड यांचा लेपही. तारुण्यपिटिका हा शब्द त्याच परंपरेतला. माझी एक आत्या सावरीचे काटे डबीत ठेवायची. मी कुणाला ते लावा म्हणून सांगत नाही. वेखंड कोवळ्या कातडीला झोंबतं, आणि बाजारात लोध्र म्हणून कसली साल मिळेल याचा भरवसा नाही. चांगला वैद्य असेल तर त्याला विचारून करा.

पण लेपांपेक्षा मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते.

किनवट १९५६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. राज्यं वेगळी झाली तरी सोयरिकी तशाच राहिल्या. तिकडं माझ्या चुलत बहिणीची मुलगी आहे, तेव्हा वीस वर्षांची. लग्न ठरलं आणि कपाळावर, गालांवर दहा-बारा पुळ्या. मी पिठाचं सांगितलं तर हसली. "मावशी, तुझ्या पिठानं काय होते? लग्न दीड महिन्यावर आलं." कुणाच्या तरी सांगण्यावरून तिनं औषधाच्या दुकानातून एक लहानशी ट्यूब आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की बस्त्याच्या दिवशी सगळ्या बायकांनी तिला ट्यूबचं नाव विचारलं. ट्यूब संपली, आठवडाभर दुसरी मिळाली नाही, आणि चेहरा पेटला. लाल, गरम, आधीपेक्षा तिप्पट पुळ्या, उन्हात उभं राहवेना. पुन्हा लावलं की शांत, सोडलं की आग. तेव्हा तिनं मला फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "मावशी, काहून असं झालं?"

त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब पाहताच सांगितलं की यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड मलम हे काही विष नाही, इसबासारख्या आजारात डॉक्टर ते मोजून देतात. पण चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस वाढतात, आणि ज्या मुरमासाठी लावलं तेच उसळतात. भाचीनं विचारलं, "आता मावशीचं पीठ लावू का?" डॉक्टर म्हणाले, आता तेही नको. काही आठवडे फक्त साधं पाणी आणि लिहून दिलेली औषधं. पीठ चौथ्या महिन्यात आलं. लग्न ठरल्या तारखेला झालं. लग्नाच्या फोटोंत तिचे गाल लाल आहेत. फोटोग्राफर म्हणाला कॉम्प्युटरवर साफ करून देतो, तिनं नको म्हटलं. नवरदेवाला तिनं सगळं आधीच फोनवर सांगितलं होतं. चेहरा पूर्ण निवळायला वर्ष गेलं.

ही एकटीची गोष्ट नाही. २०११ साली आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड मलम लावत होते, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा अपाय झाला होता. सगळ्यात जास्त दिसलेला अपाय मुरमांचाच. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा प्रकारची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा झाला, पण ट्यूब अजूनही हातोहात मिळते. तेव्हा बारीक अक्षरातली नावं स्वतःच वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावायचं नाही. आधीच लावत असाल तर एकदम सोडू नका, डॉक्टरांना दाखवून सोडा.

ज्या डबीवर घटकांची नावंच नाहीत, तिच्यापासून तर लांबच राहा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना सूज. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा तिघी वापरत असलेल्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघाला. क्रीम पार्लरमधून आणलेली होती. आमच्या भागात अकोला म्हणजे लांबचं गाव नव्हे, तिथं सगळ्यांचे नातेवाईक आहेत.

धुण्याबरोबर दोन-तीन सवयी बदलल्या तर पीठ दुप्पट काम करतं. डोक्याला तेल चोपडून झोपू नका. तेल कपाळावर उतरतं आणि केसांच्या कडेनं बारीक दाण्यांची रांग येते. तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर लावा. स्कूटीवर बांधायचा स्कार्फ रोज धुवा. कापसाच्या दिवसांत बाजार समितीच्या रस्त्यानं एक फेरी मारली तरी स्कार्फवर किती धूळ बसते ते पाहा, आणि तोच घामाचा स्कार्फ दुसऱ्या दिवशी गालावर घासतो. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. खाण्याचं म्हणाल तर आंबा आणि शेंगदाण्यांना उगाच बदनाम केलंय. गोड पेयं, बिस्किटं, मैदा कमी केल्यानं काहींना फायदा होतो, तेवढं करून पाहा. पुळ्या फोडू नका हे मी सांगायची गरज नाही, आणि सांगून कुणी ऐकतही नाही.

पिठाची मर्यादाही माहीत असू द्या. कातडीखाली खोल, दुखणाऱ्या गाठी असतील, पाठ-छाती भरली असेल, खड्डे पडू लागले असतील, तर तीन महिने पिठावर घालवू नका. खड्डे नंतर भरून येत नाहीत. मुलींची पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर केसही वाढत असतील तर त्याची वेगळी तपासणी लागते. आदिलाबादला रिम्स रुग्णालय आहे, सरकारी आहे. बेला, जैनथ, तामसीकडच्या मुली मुरमासाठी दवाखान्यात जायला लाजतात. "एवढ्याशा कामाला काय जायचं" असं घरचेच म्हणतात. एवढंसं ते ज्याच्या तोंडावर असतं त्याला नसतं. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या, लपवू नका.

राहिले मुलगे. ते विचारायला कधी थांबत नाहीत, पण बहिणीच्या डब्यातलं पीठ कमी होतं ते कोण वापरतं हे घरोघरी माहीत आहे. त्यांच्यासाठी एकच जादा गोष्ट. नवीन दाढी आणि मुरूम एकाच वर्षी येतात. दाढी करण्याआधी कोमट पाण्यानं चेहरा दोन मिनिटं ओला ठेवा, ब्लेड नवीन घ्या, केसांच्या दिशेनं एकदाच फिरवा, पुळीवरून नाही, तिच्या बाजूनं. तुरटी चोळू नका, कातडी कोरडी पडून आग होते. आणि पीठ संपलं तर डबा भरून ठेवा, रिकामा परत ठेवू नका.